आई थांबते की जाते

करी रोडच्या गल्लीत मंडळाच्या देखाव्याचं काम सुरू झालं की जयवंत कुबल सगळ्यात आधी पाटी रंगवतो. तेव्हा विषय ठरलेला नसतो, बांबू आलेले नसतात, मंडपाची परवानगीही हातात नसते. पण प्लायवूडच्या फळीवर ‘लेखक-दिग्दर्शक : जयवंत कुबल’ ही अक्षरं सुकत पडलेली असतात. एकोणतीस वर्षांत या पाटीला त्याने दुसऱ्या कुणाचा ब्रश लागू दिलेला नाही. “बाकी सगळं चुकलं तरी ते कुणाचं चुकलं, हे लोकांना कळायला हवं ना,” असं तो आता म्हणतो. आता म्हणतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपलं काही चुकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

देखावा म्हणजे चलचित्र. माणसाएवढ्या उंचीच्या बाहुल्या, त्यांच्या पोटात मोटार, पायाखाली रूळ, वर रंगीत दिवे आणि कर्ण्यातून येणारे आधी मुद्रित केलेले संवाद. अकरा मिनिटांची गोष्ट. ती संपली की मागचा पडदा सरकतो, गणपतीवर प्रकाश पडतो, लोक हात जोडून एका दाराने बाहेर जातात आणि दुसऱ्या दाराने पुढची रांग आत येते.

जयवंत गिरणीत वायरमन होता. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका इस्पितळात मेंटेनन्समध्ये लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मंडळात तो शिरला तो मोटारी फिरवायला, लेखक म्हणून नव्हे. पहिल्या वर्षी मंडळाने दादरहून एक लेखक आणला होता. त्याने चाळीस मावळ्यांची लढाई लिहून दिली. जयवंतकडे मोटारी होत्या सहा. चौतीस मावळे नुसते उभे राहिले आणि लोकांना वाटलं, लढाईला घाबरले. दुसऱ्या वर्षापासून जयवंतने मोटारी मोजून गोष्ट लिहायला घेतली. घरात तो मालवणी बोलतो, पण कर्ण्यासाठी लिहायला बसला की त्याच्या लेखणीतून ‘हे मानवा’ असले शब्द उतरतात. शेवटी देव बोलतो, त्या देवाचा आवाजही एकोणतीस वर्षं जयवंतचाच.

त्याचे सगळे देखावे समाजप्रबोधनाचे. आणि एकाही वर्षी समाजाने ते त्याला हवे तसे पाहिलेले नाहीत. दारूबंदीच्या वर्षी त्याने झोकांड्या खाणारा दारुडा केला. वायपरची जुनी मोटार लावल्यामुळे झोकांडी अशी काही जमली की पोरंटोरं तो दारुडा बघायला तीन-तीनदा रांगेत उभी राहिली. गल्लीतले खरेखुरे दोन दारुडेही येऊन शेजारी फोटो काढून गेले. पाणी वाचवाच्या वर्षी त्याने व्यासपीठावर खरा नळ सोडला. लोकांनी एकमेकांना विचारलं, “याला एवढं प्रेशर कसं काय?” हुंड्याच्या वर्षी एक बाई सुनेला घेऊन आली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, “बघ, किती भांडी आणलीत हिने.”

दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जयवंतचं एकच वाक्य असे, “पब्लिकला अक्कल नाही.”

त्याची बायको नलू यावर काही बोलत नसे. ती बोलत नाही म्हणजे तिला पटतं, असा त्याने अर्थ लावून ठेवला होता. चाळीस वर्षं हा अर्थ कुणी तपासून पाहिला नव्हता.

*

दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला निलेशने, म्हणजे त्याच्या मुलाने, जेवता जेवता सांगितलं की डोंबिवलीला घर घेतलंय. दसऱ्यापर्यंत ताबा मिळेल.

“दोन बेडरूम आहेत बाबा. एक तुमची आणि आईची. तुम्ही दोघं आमच्याबरोबर यायचं.”

सून आकांक्षाने पुरणपोळी वाढता वाढता मान डोलावली. “बाबा, लिफ्ट आहे. आईंचे गुडघे वाचतील.”

जयवंतने ताट पुढे सारलं. “या खोलीत माझा बाप राहिला. मी इथून उभा जाणार नाही.”

खोली दहा बाय बाराची. चौघांच्या झोपायच्या जागा ठरलेल्या होत्या, निलेशची दाराबाहेर गॅलरीत. नलू मोरीपाशी भांडी विसळत होती. ती काहीच बोलली नाही. जयवंतला बरं वाटलं. निदान बायको आपल्या बाजूने आहे.

निलेशने आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पण जयवंतच्या डोक्यातून ते गेलं नाही. मुलाने ‘चला’ म्हटलं होतं, हे तो विसरला. ‘चाललो’ म्हटलं होतं, एवढंच लक्षात ठेवलं. पोराला तोंडावर चार शब्द सुनवायची त्याची हिंमत नव्हती. निलेश शांतपणे ऐकून घेतो, शेवटी “बरं” म्हणतो, आणि बापाचं भाषण मधेच गळून पडतं. म्हणून त्याने ठरवलं की जे बोलायचं ते देखाव्यातून बोलायचं. निलेश येईल, बघेल, खजील होईल आणि डोंबिवलीचा नाद सोडेल. एका माणसासाठी आख्ख्या लालबाग-करी रोडला रांगेत उभं करायचं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

देखाव्याचं नाव ठेवलं ‘दारातली आई’.

गोष्ट सरळ होती. पहिल्या प्रवेशात आई दिवसभर राबते. तिची बाहुली रुळावरून स्वयंपाकघरातून खाटेपाशी, खाटेपासून दारापाशी आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे अशा तीन फेऱ्या मारते. खाटेवर आजारी वडील. त्यांना एकच मोटार मिळाली होती, त्यामुळे एकच हालचाल. थरथरत्या हाताने ते औषधाचा पेला वर उचलतात. दुसऱ्या प्रवेशात सून मोबाईल बघत नवऱ्याला म्हणते, “अहो, नव्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्यांचं काय काम?” तिसऱ्या प्रवेशात मुलगा बॅगा घेऊन निघतो. आई दारापर्यंत येते, थांबते, हात पुढे करते. मुलगा मागे न बघता निघून जातो. या प्रवेशाला शब्द नाहीत, फक्त सनई. “इथे शब्द संपतात,” असं जयवंतने कार्यकर्त्यांना सांगितलं. सनई थांबली की देव बोलतो, “ज्या घरात आईच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या घरात मी राहत नाही.”

जुना फिटर कोंडीराम त्याच्या हाताखाली असे. हाताखाली म्हणजे जयवंत असं समजत असे. तालमीच्या दिवशी कोंडीराम लांब उभा राहून म्हणाला, “पेला दिसत नाय रे इथून. म्हातारा नुसता हात हलवतोय. माशा मारतोय असं वाटतं.”

“मग मोठं काहीतरी लाव.”

कोंडीरामने घरून मोठा पांढरा कप आणला आणि म्हाताऱ्याच्या मुठीत खिळवला. दर नऊ सेकंदांनी कप वर जाऊ लागला. लांबून छान दिसत होता. त्यात औषध आहे असं दिसत नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरी गोष्टही अशीच हातून राहून गेली. आईच्या रुळाचा शेवट दारापाशी व्हायला हवा होता. पण तो रूळ मागच्या वर्षीच्या देखाव्यातला होता. त्यावरून होडी थेट विंगेत जायची. जयवंतने रूळ कापायचा कंटाळा केला आणि दारापाशी एक मायक्रो स्विच बसवला. आईची गाडी तिथे आली की चाकाने स्विच दाबला जायचा. त्याने आईची मोटार बंद आणि मुलाची चालू. एका टिचकीत दोन कामं. हा जोड आपल्याला सुचला, याचा त्याला संवादांइतकाच अभिमान होता.

*

पहिले दोन दिवस देखावा ठरल्याप्रमाणे झाला. आई थांबत होती, मुलगा जात होता, लोक हात जोडून बाहेर पडत होते. एक-दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बाकीचे घड्याळं बघत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या खेळाला टाळ्या पडल्या.

जयवंत मागे कंट्रोलच्या फळीपाशी स्टुलावर बसला होता. त्याच्या जागेवरून व्यासपीठ दिसत नाही, फक्त दिव्यांची बटणं दिसतात. इतक्या वर्षांत त्याने देखाव्याला टाळ्या ऐकल्या नव्हत्या. तो उठून उभा राहिला. अंधारात, तारांच्या भेंडोळ्यात, कुणीही बघत नसताना त्याने किंचित मान लववली. पुढच्या खेळाला पुन्हा टाळ्या आल्या, सोबत एक शिट्टीही. त्याच्या मनात आलं, शेवटी कळलं एकदाचं लोकांना.

मंडळाचा अध्यक्ष अजित धावत मागे आला. “काका, काय केलंत तुम्ही! शेवट बदललात आणि आम्हाला बोलला पण नाहीत?”

“शेवट? कसला शेवट?”

“आई जाते ना! सगळ्यांना टाटा करून निघून जाते!”

जयवंत पुढे जाऊन गर्दीत उभा राहिला आणि स्वतःचा देखावा पहिल्यांदाच लोकांमधून पाहिला. स्विचची पट्टी वाकली होती. चाक तिच्यावरून दाबल्याशिवायच पुढे जात होतं. त्यामुळे आईची मोटार बंद पडत नव्हती आणि मुलाची सुरू होत नव्हती. मुलगा दोन बॅगा घेऊन खांबासारखा उभा. सून मोबाईलमध्ये. खाटेवर म्हातारा दर नऊ सेकंदांनी कप वर करतोय. आणि आई, सनईच्या सुरावर, पुढे केलेला हात वरखाली हलवत, दार ओलांडून, मुलाच्या शेजारून, ऐटीत विंगेत निघून जाते. व्यासपीठ रिकामं. मग जयवंतचाच आवाज गंभीरपणे सांगतो, ज्या घरात आईच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या घरात मी राहत नाही. आणि पडदा सरकतो.

देवही तिच्याबरोबर गेला, असा त्याचा सरळ अर्थ होत होता.

“दहा मिनिटं बंद कर,” तो अजितला म्हणाला. “स्विच वाकलाय. सरळ करतो.”

“काका, हात लावायचा नाही.” अजितने त्याचा दंड धरला. “बाहेर बघा. रांग मसाल्याच्या दुकानापर्यंत गेलीय. पोरींनी रील टाकलंय. शनिवारी पाच वाजता स्पर्धेचे परीक्षक यायचेत. असंच ठेवायचं.”

“अरे पण गोष्ट उलटी झाली!”

“मग उलटीच भारी आहे की.”

पुढचे दोन दिवस जयवंतने जे केलं, ते आठवून तो आता स्वतःच कपाळावर हात मारतो. तो रांगेच्या कडेने फिरत लोकांना खरा अर्थ सांगू लागला. “आई जात नाही हं. जातो तो मुलगा. ती बिचारी दारात थांबते.”

नऊवारीतली एक म्हातारी दोन सुनांना घेऊन पुन्हा बघायला आली होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही बघितलात का देखावा?”

“मी लिहिलाय.”

“मग एकदा बघा नीट.”

माझगावहून आलेल्या चार बायका तर त्याच्यासमोरच बोलत होत्या. “तो कपवाला सॉलिड आहे हां. बाई मरेपर्यंत धावते, याचा आपला कप वर.” “आमच्याकडे सेम. फक्त आमचा बोलतो पण.” चौघी हसल्या.

“औषध आहे ते,” जयवंत मधे पडला. “आजारी आहेत ते.”

“सगळेच आजारी असतात हो काका,” चौघींतली एक म्हणाली आणि रांग पुढे सरकली.

हे सगळं त्याला सोसलं असतं. पण निलेश अजून आला नव्हता. त्याला सुटी शनिवारची. शनिवारी दुपारी चार वाजता तो आई आणि आकांक्षाला घेऊन येणार होता. आणि त्याने हा देखावा असा पाहिला असता तर? ज्या पोराला लाज वाटावी म्हणून सहा महिने खपलो, त्याच्या हातात आपणच आईचं बोट देतोय. हा विचार आला तसा जयवंत शुक्रवारी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेला आणि नवा मायक्रो स्विच घेऊन आला.

बेत साधा होता. शनिवारी दुपारी मंडप जेवणासाठी बंद असताना स्विच बदलायचा. चारच्या खेळाला आई थांबेल, मुलगा जाईल, निलेश बघेल. साडेचारला नव्या स्विचची तार काढायची. पाचला परीक्षक येतील तेव्हा आई पुन्हा निघून जायला मोकळी. कोंडीरामला त्याने विश्वासात घेतलं.

कोंडीराम स्विच हातात फिरवत म्हणाला, “म्हणजे घरच्यांसाठी एक आई आणि परीक्षकांसाठी दुसरी.”

“तू फक्त टॉर्च धर.”

*

चारच्या खेळाला निलेश, आकांक्षा आणि नलू पहिल्या रांगेत दोरीला लागून उभे होते. त्यांच्यामागे मंडप खच्चून भरला होता. जयवंतने कंट्रोलच्या फळीपाशी कोंडीरामला बसवलं आणि स्वतः बाजूच्या फटीत उभा राहिला. तिथून त्याला व्यासपीठ नाही, तिघांचे चेहरे दिसत होते. त्याला तेच बघायचं होतं.

पहिला प्रवेश. आईने फेऱ्या मारल्या. म्हाताऱ्याचा कप वर गेला. मागे हशा पिकला. नलू हसली नाही. ती बाहुलीकडेही बघत नव्हती. ती कपाकडे बघत होती. वर, खाली, वर, खाली. मग तिने पदराने ओठ पुसले, जसे ती घरी पुसते, बोलायचं काही गिळल्यावर.

दुसरा प्रवेश. नव्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्यांचं काय काम. आकांक्षाने मान वळवून निलेशकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “मी असं कधी म्हटलं?” निलेशने नाही म्हणून मान हलवली. जयवंतला फटीतून ते शब्द ऐकू आले. त्याने नजर वळवली. मनात म्हणाला, पात्र काल्पनिक आहे. पण तसं पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिसरा प्रवेश. सनई सुरू झाली. आई दारापाशी आली. टक्. नवा स्विच दाबला गेला. आई थांबली. मुलगा निघाला.

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, थांबली का?”

“अडकली वाटतं!”

“जा की गं!”

“काय वाट बघतेस, चल!”

रील बघून आलेल्या बायका होत्या त्या. एकीने सुरू केलं, मग दहा जणींनी, मग अर्ध्या मंडपाने. “जा! जा! जा!” टाळ्यांचा ठेका धरला गेला. आणि त्या गलक्यात पहिल्या रांगेतून एक आवाज उठला. चाळीस वर्षांत जयवंतने तो एवढा मोठा कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो पहिल्या शब्दाला ओळखला.

“अगो बाय, जा गो! थांबलंस कित्याक?”

नलूने दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरली होती. मान ताठ होती.

बाहुली थांबून राहिली. तिच्या पोटात दुसरं काही नव्हतं. देव म्हणाला, ज्या घरात आईच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या घरात मी राहत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “मग हिला पण घेऊन जा!” आणि मंडप हसण्यात बुडून गेला.

खेळ संपल्यावर जयवंत घाईघाईने तार काढायला विंगेत शिरत होता, तोच अजित एका चष्मेवाल्या बाईंना आणि दोन गृहस्थांना घेऊन समोर आला. परीक्षक. पाचला यायचे ते चारलाच आले होते आणि न सांगता सवरता गर्दीत उभे राहिले होते, कारण खरा देखावा गर्दीतच कळतो असा त्यांचा नियम होता. बाई कॉलेजात नाटक शिकवत, प्राध्यापिका नम्रता ओव्हाळ.

“लेखक तुम्हीच? अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “आधी रील बघितलं होतं. आई निघून जाते, चांगलं होतं. पण आज तुम्ही तिला थांबवलंत आणि तिला बाहेर काढायचं काम प्रेक्षकांवर सोपवलंत. फार मोठी उडी आहे ही. कसं सुचलं?”

जयवंतच्या खिशात जुना वाकडा स्विच होता. खरं सांगायची याहून चांगली संधी मिळाली नसती. त्याने तोंड उघडलं. शेजारी अजितने त्याच्या पायावर पाय ठेवला.

“आतून आलं,” जयवंत म्हणाला.

“आणि तो कप? सत्तेचं इतकं साधं चिन्ह.”

“त्यावर बराच विचार केला,” तो म्हणाला. मागून कोंडीरामला ठसका लागला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दोन दिवसांनी संकल्पनेचं पहिलं बक्षीस जाहीर झालं. प्रशस्तिपत्रक मंडळाच्या कार्यालयात लावलंय. त्यात जयवंतचं नाव आहे आणि त्याच्या मनात नसलेल्या तीन गोष्टींची स्तुती आहे.

*

त्या शनिवारी रात्री घरी सगळे एकत्र जेवले. निलेश खजील झालेला दिसत नव्हता. दमलेला दिसत होता. हात धुऊन झाल्यावर म्हणाला, “बाबा, मला बोलायचं होतं ना, तर मला बोलायचं. आकांक्षाला का मधे आणलंत?”

जयवंतकडे उत्तर होतं, पण ते ‘हे मानवा’ने सुरू होत होतं. निलेश “बरं” म्हणून गॅलरीत गेला, आकांक्षा त्याच्यामागोमाग.

नलूने भांडी आवरली, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“मी झिलावांगडा जातंय,” ती म्हणाली. “दसरो झालो की.”

“खंय?”

“डोंबिवलीक. आणि खंय?”

“पण पाडव्याक तू काय बोलूक नाय!”

“माका कोणी इचारल्यानी? त्येनी तुमका इचारल्यान, तुमी त्येका सांगितलास. मी भांडी घासत होतंय.”

“मगे आज ह्या माझ्या देखाव्यामुळे...”

“देखाव्याचा काय घेवन बसलास.” ती पहिल्यांदा थोडं हसली. “माझा पाडव्याकच ठरला होता. तुमका सांगूचा कसा, ता कळत नव्हता. आज तुमीच सगळ्यांसमोर मांडलास, म्हणान बरा झाला.”

त्याला वाटलं होतं, आपल्या चुकीच्या देखाव्याने बायको फितवली. एवढं श्रेयही तिने त्याला दिलं नाही.

“आणि मी?” त्याने विचारलं.

“तुमका येवचा आसला तर येवा. नायतर ऱ्हवा हय.” ती उठली. “बापाशीची खोली ती.”

दसऱ्यानंतरच्या रविवारी टेम्पो आला. नलू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. निलेशने शेवटचं विचारलं, “येताय बाबा?” जयवंत म्हणाला, मंडळाचं सामान गोदामात लावायचंय. सामान दोन आठवड्यांपूर्वीच लावून झालं होतं, आणि ते लावायला निलेशच आला होता.

जयवंत अकरा दिवस एकटा राहिला. बाणेदारपणे राहायचं त्याने ठरवलं होतं. पण बाणेदारपणा बघायला खोलीत कुणी नव्हतं. जिन्यात मात्र बायका त्याच्याकडे पाहून एकमेकींना कोपराने ढोसत. त्यांच्या मते गोष्ट अगदी स्पष्ट होती. ज्याने तो देखावा लिहिला, त्याचीच बायको निघून गेली. म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं, म्हणजे तो स्वतःचीच कहाणी सांगत होता, म्हणजे माणूस वाटतो तसा वाईट नाही. वरच्या मजल्यावरच्या राधाबाईंनी तर त्याला आमटीची वाटी दिली आणि म्हणाल्या, “एवढं मोकळेपणाने कबूल करायला धीर लागतो हो.” जयवंत कबूल काहीच करत नव्हता. पण आमटी गरम होती.

कोंडीराम संध्याकाळी येऊन बसे. “तू कधी जातोस?” तो विचारी.

“मी कशाला जाऊ?”

“मग नको जाऊस. मी आपला विचारतोय.” असं त्याने अकराही दिवस विचारलं.

बाराव्या दिवशी जयवंत डोंबिवलीला गेला. राहायला नव्हे. तसं त्याने कोंडीरामला सांगितलं, जिन्यात राधाबाईंना सांगितलं, आणि वाटेत स्वतःलाही सांगितलं. नवीन बिल्डिंगचं वायरिंग कसलं असतं ते त्याला माहीत होतं. वायरमन बाप असताना पोराने परक्या माणसाला बोलवावं, हे बरं दिसत नाही. पिशवीत टेस्टर होता, पक्कड होती, इन्सुलेशन टेपची दोन रिळं होती. पिशवीला आकार यावा म्हणून त्यात चार शर्ट, लेंगे आणि दाढीचं सामानही भरलं होतं.

दार नलूने उघडलं. तिने चष्मा लावला होता, आणि तिच्यामागून टीव्हीचा आवाज येत होता. घरी ती दुपारी टीव्ही लावत नसे. जयवंत तेव्हा झोपलेला असे.

वाक्य त्याने लिफ्टमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं. “हॉलमधल्या पंख्याचं कनेक्शन बघून जातो,” तो म्हणाला. मालवणी सोडून म्हणाला, म्हणजे ते कामाचं बोलणं वाटावं.

नलूने पिशवीकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडातून लेंग्याची नाडी लोंबत होती.

“इलास मा,” ती म्हणाली. “आतल्या कपाटात डावीकडचो खण रिकामो आसा. कपडे थंय ठेवा.”

त्याला सांगायचं होतं की तू अर्थाचा अनर्थ करतेस, मी पाचच्या आत परत निघणार आहे. तो उंबऱ्यावर थोडा वेळ तसाच उभा राहिला. नलू आत निघूनही गेली होती. त्याने चपला काढल्या, पिशवी आतल्या खोलीत नेली आणि शर्ट डावीकडच्या खणात ठेवले. मग हॉलमध्ये येऊन वर पाहिलं.

पंखा व्यवस्थित चालत होता. तरी त्याने स्टूल मागितलं.